शहीद जवानाला निरोप देताना रस्त्यावरची काळजी: मुलांना पाठवा, पण गाडीची चावी देऊ नका

शहीद जवानाचं पार्थिव गावाकडे यायला निघतं तेव्हा अख्खा तालुका रस्त्यावर येतो. फुलांनी सजवलेली लष्कराची गाडी, दुतर्फा उभे लोक, शाळेतल्या मुलांच्या रांगा आणि पुढे-मागे तिरंगा लावलेल्या मोटारसायकली. 14 फेब्रुवारी 2019 रोजी पुलवामाच्या हल्ल्यात सीआरपीएफचे 40 जवान शहीद झाले. त्यात आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले दोघे होते. त्यांना निरोप द्यायला प्रचंड गर्दी लोटली होती. 26 जुलैच्या कारगिल विजय दिनालाही अनेक ठिकाणी अशा रॅली निघतात.

या गर्दीत आपली मुलंही असतात आणि असायलाच हवीत. 1965 च्या युद्धात खेमकरण भागात शत्रूचे रणगाडे उडवून शहीद झालेले, परमवीर चक्राचे मानकरी अब्दुल हमीद यांचं नाव आपल्या घरांत आदराने घेतलं जातं. पण आम्हा शिक्षकांना एक गोष्ट नेहमी दिसते. एरवी नववी-दहावीच्या मुलाला गाडी न देणारे अम्मी-अब्बू अशा दिवशी नाही म्हणू शकत नाहीत. "देशासाठी चाललाय, अडवायचं कसं?" आणि मोहल्ल्यात मनातल्या मनात आणखी एक विचार असतो, आपली मुलं तिथे दिसली नाहीत तर लोक बोट दाखवतील. त्यामुळे चावी हातात जाते. एका गाडीवर तिघे, हेल्मेट एकाच्याही डोक्यावर नाही.

धोका नेमका कुठे असतो?

पहिला धोका ताफ्याच्या पुढे पळणाऱ्या मोटारसायकलींचा. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर पुढे जाते. पुढच्याने ब्रेक दाबल्याचं दिसून आपला हात ब्रेकवर जाईपर्यंत हे अंतर संपलेलं असतं. रॅलीत दोन गाड्यांमध्ये पाच मीटरसुद्धा जागा नसते. त्यात मागे बसलेला झेंडा धरून उभा राहतो, चालवणारा एका हाताने मोबाईलवर व्हिडिओ काढतो. एक घसरला की मागचे चार त्याच्यावर जातात.

दुसरा धोका रस्ता ओलांडण्याचा. सगळ्यांची नजर फुलांच्या गाडीकडे असते, पण दुसऱ्या बाजूची वाहतूक बऱ्याचदा चालूच असते. लोक दुभाजकावर चढतात, मुलं हात सोडून पळतात. ताफा पुढे गेल्यावर धोका आणखी वाढतो, कारण अडकलेले ट्रक आणि एसटी एकदम सुटतात आणि लोक अजून रस्त्यातच असतात.

तिसरा धोका अडकलेल्या रुग्णवाहिकेचा. तिला वाट न देणं हा गुन्हा आहे. त्यासाठी कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही सांगितलं आहे.

कायदा पालकांना पकडतो

अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम 199अ पालकाला किंवा गाडीच्या मालकाला दोषी धरतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची 25 वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. कारण देशप्रेमाचं होतं म्हणून यात सूट नाही. हेल्मेट आणि दुचाकीवर दोघेच, हे नियमही त्या दिवशी तसेच लागू असतात.

झेंड्याचंही तेच. ध्वजसंहितेनुसार राष्ट्रध्वज गाडीच्या टपावर, बाजूंना किंवा मागे पांघरता येत नाही. धावत्या गाडीवरून तो निसटून चाकाखाली आला तर त्यात कोणाचाच मान राहत नाही.

दुसऱ्या देशातलं एक उदाहरण

कॅनडात अफगाणिस्तानात शहीद झालेल्या सैनिकांची पार्थिवं ट्रेंटनच्या हवाई तळावर उतरवून टोरोंटोला नेत. लोक महामार्ग 401 वरच्या पुलांवर झेंडे घेऊन शांत उभे राहायचे आणि ताफा खालून जायचा. 2007 मध्ये या पट्ट्याला 'वीरांचा महामार्ग' असं नाव मिळालं. कोणाला गाडीच्या पुढे पळावं लागलं नाही. जागेवर उभं राहूनही सलाम होतो, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखं आहे.

मग आपण काय करायचं?

- मुलांना घेऊन स्वतः जा. ताफा यायच्या अर्धा तास आधी पोहोचा आणि घराच्याच बाजूला, रस्त्याच्या कडेपासून मागे उभे राहा.
- फूटपाथ नसेल तर उजव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते.
- लहान मुलांचं मनगट धरा, नुसतं बोट नको. पुलाच्या कठड्यावर कोणालाही बसवू नका.
- फुलं कडेवरूनच वाहा. ओल्या पाकळ्यांवरून दुचाकी घसरते.
- ताफा गेल्यावर लगेच हलू नका. वाहतूक सुरळीत झाल्यावरच रस्ता ओलांडा.
- मोहल्ला कमिटी किंवा शाळेने आदल्या दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन उभं राहण्याची जागा ठरवून घ्यावी, दोरी बांधावी, चार-पाच स्वयंसेवक नेमावेत.
- अपघात झालाच तर 108 किंवा 112 ला फोन करा. जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, नाव सांगायची सक्ती नाही.

रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणं हाही सदका आहे, हे आपण मुलांना लहानपणीच शिकवतो. गर्दीच्या दिवशी रस्ता मोकळा ठेवणं त्याच शिकवणीत बसतं. मुलगा चावी मागायला आला तर त्याला सांगा, "चल, मीपण येतो. आपण दोघं चालत जाऊ."