हसवणाऱ्याची पडझड
(लेखमाला : तमाशा आणि पडदा, भाग सहावा)

गेल्या आठवड्यात आपण गण-गवळणीनंतरच्या बतावणीपर्यंत आलो होतो. फड खऱ्या अर्थानं सोंगाड्याच्या ताब्यात जातो तो इथेच. सारंगखेड्याच्या दत्तयात्रेत कनातीत बसून ज्यांनी रात्र जागवली आहे, त्यांना हे सांगायला नको. सोंगाड्यानं अहिराणीत एक टोला हाणला की मागच्या रांगेपर्यंत हशा उसळतो. प्रश्न पुढचा आहे. ह्या माणसाच्या आयुष्याला उतरती कळा लागली, तर ती त्यानं कोणत्या भाषेत सांगावी?

ह्याचं मराठी पडद्यावरचं सर्वांत समर्थ उत्तर म्हणजे १९९२ चा 'एक होता विदूषक'. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, पटकथा-संवाद पु. ल. देशपांड्यांचे. 'गुळाचा गणपती'नंतर जवळपास चार दशकांनी पु. लं.नी सिनेमासाठी लेखणी उचलली होती. गाणी ना. धों. महानोरांची. अजिंठ्याच्या डोंगराजवळच्या पळसखेड्याचा हा कवी शाळेला आपल्या जामनेर तालुक्यातल्या शेंदुर्णीत होता, म्हणून खानदेशाला ह्या चित्रपटावर थोडा हक्क सांगता येतो. आणि मध्यभागी लक्ष्मीकांत बेर्डे!

तेव्हा बेर्डे म्हणजे हमखास हशा. 'टुरटुर' नाटक, 'धुमधडाका', 'अशी ही बनवाबनवी' असा प्रवास झालेला. असल्या नटाला आबूरावाची भूमिका देणं हा जुगार होता. आबूराव तमासगिरिणीच्या पोटचा. फडावर नाव कमावतो, सिनेमात जातो, नटीशी लग्न करतो, पुढाऱ्यांच्या हातातलं खेळणं होतो. ज्या बाईनं त्याच्यावर जीव लावला तिला मागे टाकतो. कीर्ती वाढत जाते आणि माणूस आतून ढासळत जातो. दारू, कर्ज, भीक असल्या ढोबळ खुणांवर ही पडझड उभी नाही, म्हणूनच ती खरी वाटते.

बेर्डे ही पडझड कशी दाखवतात ते नीट पाहा. फडावरचा आबूराव आपल्या ओळखीचा आहे : चपळ, हजरजबाबी, समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर देणारा. फडावरून उतरलेल्या आबूरावाचा आवाज खाली येतो आणि उत्तराला उशीर होतो. विनोदी नटाची सगळी कमाई वेळ साधण्यात असते. बेर्डेंनी तीच वेळ ह्या भूमिकेत चुकू दिली आणि त्या चुकण्यातून दुःख दाखवलं. रडण्याचा आव आणणारा नट हे करू शकला नसता.

मग येते न हसणारी मुलगी. साऱ्या महाराष्ट्राला हसवणारा बाप स्वतःच्या लेकीच्या चेहऱ्यावर हसू आणण्यासाठी धडपडतो. सोंगं तीच, कसब तेच, फक्त समोरून दाद नाही. ज्याला गर्दीची सवय, त्याला एका लहान प्रेक्षकासमोर काय वाटत असेल, हे बेर्डेंच्या डोळ्यांत दिसतं. चार्ली चॅप्लिननं 'लाइमलाइट'मध्ये (१९५२) उतरणीला लागलेला विदूषक रंगवला होता. आबूराव त्याचा सख्खा भाऊ शोभतो. मात्र त्याच्या अंगावरची माती आपल्या फडांची आहे.

मधु कांबीकर, निळू फुले, मोहन आगाशे, दिलीप प्रभावळकर, वर्षा उसगावकर असा भक्कम संच होता. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, नृत्यदिग्दर्शनासाठी लक्ष्मीबाई कोल्हापूरकरांनाही. तिकीटबारीवर मात्र तो चालला नाही. लोकांना त्यांचा लक्ष्या हवा होता. बेर्डे पुन्हा विनोदाकडे वळले आणि १६ डिसेंबर २००४ ला, वयाच्या पन्नाशीत, गेले. मला हे मराठी प्रेक्षकाचं मोठं नुकसान वाटतं. एवढा नट हाताशी असून आपण त्याच्याकडून अशा भूमिका मागितल्याच नाहीत.

जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांतल्या चित्रपट मंडळांना माझी विनंती आहे : हा चित्रपट लावा, आणि तुमच्या गावातल्या एखाद्या जुन्या सोंगाड्याला बोलवून पहिल्या रांगेत बसवा. चित्रपट संपल्यावर आधी त्याला बोलू द्या.