टांकसाळीची चूक की हातोडीची करामत?

गेल्या वर्षी मी एका विक्रेत्याला ८०० रुपये मोजून दहा रुपयांचं एक नाणं घेतलं. नाणं कसलं, नुसतं पिवळं कडं! मधला पांढरा भाग नव्हताच. "टांकसाळीची चूक आहे, उद्या पाच हजार येतील," तो म्हणाला आणि मी भुललो. घरी आलेल्या मामाने ते भिंगाखाली धरलं आणि अर्ध्या मिनिटात निकाल दिला, "हे टांकसाळीत झालेलं नाही रे. कोणीतरी ठोकून मधला भाग पाडलाय."

मामाने ओळखलं कशावरून? त्याचं उत्तर शोधताना जे कळलं ते इथे सांगतो.

आपण साहित्याची मुलं, म्हणून ओळखीचं उदाहरण घेऊ. पुस्तक छापताना जुळाऱ्याच्या हातून अक्षर उलटं लागलं, तर आपण त्याला मुद्राराक्षसाचा विनोद म्हणतो. पण छापून झाल्यावर कोणी पेनाने शब्द बदलला, तर ती खाडाखोड. नाण्यांचंही तसंच आहे. टांकसाळीत झालेली चूक संग्राहकाला मोलाची वाटते. बाहेर आल्यावर केलेली खाडाखोड म्हणजे फक्त खराब केलेलं नाणं.

फरक ओळखायचा तर नाणं तयार कसं होतं ते आधी पाहावं लागेल. भारतात चार टांकसाळी आहेत. सालाखाली बारीकसा हिरा असेल तर नाणं मुंबईचं, तारा असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं आणि खूणच नसेल तर कोलकात्याचं. रीत सगळीकडे सारखीच. धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात. चकतीची कड दाबून थोडी उचलतात. मग चकती पोलादी कड्यात बसते आणि वरून-खालून दोन ठसे तिला जबर दाबाने दाबतात. त्या दाबाने धातू सरकतो आणि ठशाच्या खाचांत भरतो. कड्यामुळे तो बाहेर पसरत नाही. नाण्याच्या कडेवरच्या रेघाही बहुधा त्या कड्यामुळेच उमटतात.

अस्सल चूक यातल्याच एखाद्या पायरीवर घडलेली असते. म्हणून नाणं हातात आलं की एकच प्रश्न विचारायचा: यंत्राकडून असं होऊ शकतं का?

माझ्या कड्याचंच बघा. मधली चकती नसतानाच ठसा बसला असता, तर कड्याचा धातू मोकळ्या जागेकडे सरकला असता आणि आतली कड गोलसर झाली असती. माझ्या कड्याची आतली कड सरळ, धारदार होती आणि तिच्यावर ओरखडे होते. म्हणजे नाणं आधी पूर्ण पडलं, मधला भाग नंतर निघाला.

आता कडेचा तुकडा नसलेलं नाणं. पट्टीतून चकती कापताना आधीच्या भोकावर कापणी आली, तर चकती चावा घेतल्यासारखी निघते. अशा नाण्यावर चाव्याच्या बरोबर समोरची कड बऱ्याचदा पुसट असते, कारण कड उचलताना तिथे पुरेसा दाब मिळत नाही. कानशीने कापलेल्या नाण्यावर समोरची कड ठणठणीत असते आणि कापल्या जागी कानशीच्या रेघा दिसतात.

कधी एका बाजूला सरळ चित्र आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र उलटं, आत खोलगट गेलेलं दिसतं. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं आणि त्याच्यावर पुढची चकती दाबली गेली की असं होतं. याची नक्कल करायला दोन नाणी शेगड्यात पिळतात. पण त्यात मागची बाजू चपटी होते. अस्सल नाण्याची दुसरी बाजू ठसठशीत राहते.

दोन्ही बाजूंना सारखाच छाप असलेलं नाणं दिसलं तर आतल्या कडेवर भिंग फिरवा. बहुतेक वेळा तिथे सांधा सापडतो: एक नाणं आतून कोरून त्यात दुसऱ्याची बाजू बसवलेली असते. टेबलावर टाकल्यावर त्याचा आवाजही बद्द येतो.

वजनही खूप काही सांगतं. १९९२ पासूनच्या तांबे-निकेलच्या जाड पाच रुपयांच्या नाण्याचं वजन ९ ग्रॅम, व्यास २३ मिलिमीटर. तेजाबात बुडवून पातळ केलेलं नाणं सोनाराच्या काट्यावर लगेच पकडलं जातं.

आपल्या गोव्यात मात्र आणखी एक गोंधळ आहे, आणि त्यात फसवणारं कोणीच नसतं. पोर्तुगीज काळातली १९५८-५९ ची एस्कुदो, सेंतावो नाणी अजून कित्येक घरांतल्या डब्यांत पडून आहेत. भारतीय नाणं पुस्तकाच्या पानासारखं उजवीकडून डावीकडे उलटलं की मागचं चित्र सरळ दिसतं. उलटं दिसलं तर ठसा फिरल्याची चूक मानतात. पण एस्कुदो तसंच उलटलं तर मागची बाजू डोकं खाली, पाय वर दिसते. ती चूक नव्हे, पोर्तुगालची पद्धतच तशी. ते नाणं वरून खाली उलटायचं.

शिवराईचंही तसंच. "अक्षरं अर्धीच उमटलीत, म्हणून दुर्मीळ," असं कोणी सांगितलं तर हसून पुढे जा. ती हाताने ठोकलेली नाणी. तांब्याची चकती बहुधा ठशापेक्षा लहान असायची, त्यामुळे अक्षरं बाहेर जाणं हेच नेहमीचं.

हे सगळं सांगायचं कारण फक्त माझे ८०० रुपये नाहीत. डिचोलीच्या माझ्या एका मित्राच्या आईला फोन आला होता: तुमच्याकडचं जुनं नाणं लाखाला घेतो, आधी नोंदणीचे पैसे भरा. मुलाची फी सुटेल या आशेने तिने ते भरले. त्यानंतर तो नंबर कधी लागलाच नाही. जुन्या नाण्या-नोटांच्या अशा व्यवहारांत आपलं नाव वापरलं जातंय, आपण असे व्यवहार करत नाही आणि त्यासाठी शुल्कही घेत नाही, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच दिला होता. तो त्या माऊलीपर्यंत पोचलाच नाही.

तेव्हा शुक्रवारच्या बाजारात कोणी 'चुकीचं' नाणं पुढे केलं, तर आधी किंमत विचारू नका. भिंग काढा, कड बघा, वजन करा. आणि घरातल्या मोठ्यांना एवढं नक्की सांगा: नाणं विकत घेणारा माणूस आपल्याला पैसे देतो, आपल्याकडून मागत नाही.

माझं ते पिवळं कडं मी टाकलेलं नाही. अभ्यासाच्या टेबलावर ठेवलंय. आठशे रुपयांची शिकवणी होती ती.