‘बघून शीक’ या दोन शब्दांविषयी

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस पडद्यामागच्या कामावर काय बोलणार, असं काहींना वाटत असेल. पण आपण अंबडमध्ये जमलो आहोत. इथे पहिली पाळी संपवून, घरी डबा ठेवून संध्याकाळी तालमीला जाणारी माणसं मी पाहिली आहेत. कामगार कल्याण मंडळाच्या आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या निमित्ताने हे दरवर्षी घडतं. त्यांच्याबरोबर सतरा-अठरा वर्षांची दोन-चार मुलंही येतात. त्यांना अभिनय करायचा नसतो. दिवे, सेट, आवाज यांत रस असतो. मुलगा विचारतो, “हे कुठे शिकायला मिळेल?” उत्तर बहुतेक वेळा एकच मिळतं : “बघून शीक.”

हे दोन शब्द जरा तपासून बघू.

या उत्तरात एक मोठं सत्य आहे. गिल्बर्ट राईल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९४९ साली दोन प्रकारच्या जाणण्यात फरक केला : एखादी गोष्ट ‘अशी आहे’ हे ठाऊक असणं आणि ती ‘कशी करायची’ हे येणं. पुढे मायकेल पोलान्यी यांनी दाखवलं की, कौशल्याचा मोठा भाग शब्दांत उतरतच नाही. सायकल चालवणाऱ्याला विचारा, तोल कसा सांभाळतोस? तो सांगू शकणार नाही, चालवून दाखवेल.

रंगमंचावर तसंच आहे. अंक संपतो, नायिकेचं शेवटचं वाक्य होतं आणि प्रकाश हळूहळू विझवायचा असतो. किती सेकंदांत? वहीत ‘सहा सेकंद’ लिहिलेलं असतं. पण आज प्रेक्षागृह गच्च भरलंय, लोक श्वास रोखून बसलेत, तर हात आपोआप थोडा सावकाश जातो. हे कुठल्या पुस्तकात सापडणार? जाणत्या माणसाच्या शेजारी पंचवीस प्रयोग उभं राहावं लागतं. एवढ्यापुरतं ‘बघून शीक’ अगदी खरं.

आता दुसरी बाजू. मी कॉलेजात असताना एका एकांकिकेच्या दिव्यांचं काम माझ्याकडे आलं. मीही विचारलं होतं आणि मलाही हेच उत्तर मिळालं. मी बघितलं, आणि बघितलं तसं केलं. हजार वॉटचे चार स्पॉट एकाच बोर्डावर जोडले. दहाव्या मिनिटाला जळका वास आला, पंधराव्याला अंधार. वायर इतकी तापली होती की तिचं आवरण हाताला चिकटलं. वर सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं, “एवढं साधं कळत नाही?”

साधंच होतं ते! हजार वॉटला २३० व्होल्टने भागा, साधारण ४.३ अँपिअर येतात. असे तीन दिवे म्हणजे १३. पंधरा अँपिअरच्या सॉकेटला ते चालतात. चौथा लावला की १७ च्या पुढे गेलात. हे सांगायला अर्धं मिनिट लागतं. हॅलोजनच्या दिव्याच्या काचेला उघड्या बोटांनी हात लावू नये, हे सांगायला त्याहून कमी वेळ लागतो. बोटांचं तेल काचेवर राहतं, दिवा तापला की तेवढीच जागा कमकुवत होते आणि दिवा लवकर जातो. सेटच्या फ्लॅटला मागून टेकू दिल्याशिवाय आणि टेकूवर वजन ठेवल्याशिवाय त्याच्यापुढे कुणाला उभं करू नये, हेही सांगण्यासारखंच.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे : जे सांगता येतं ते सांगितलंच पाहिजे. जे सांगता येत नाही, तेवढंच डोळ्यांवर सोडावं. आपण दोन्हींची गल्लत करतो आणि त्या गल्लतीत पोरांचे हात भाजतात.

कुणी म्हणेल, आपली परंपराच अशी आहे. तसं नाही. भरताचं नाट्यशास्त्र उघडा. दुसऱ्या अध्यायात नाट्यगृह कसं बांधायचं ते आलंय. जमीन मोजायची दोरी कशाची असावी, तर कापसाची, मुंजाची, झाडाच्या सालीची. मोजताना ती तुटता कामा नये. तुटणं अशुभ मानलंय. शकुन-अपशकुन बाजूला ठेवा. दोरी तपासून घ्या, ही सूचना त्या काळच्या जाणत्यांनी शब्दांत बांधून ठेवली. पुढे एका अध्यायात नाट्यमंडळीतल्या माणसांची यादी येते. तिच्यात मुकुट करणारा आहे, चित्रकार आहे, कपडे रंगवणारा आहे. पडद्यामागचा माणूस तिथे बिनचेहऱ्याचा नाही.

‘बघून शीक’ म्हणण्यामागे कधी वेळ नसतो, कधी आपली किंमत कमी होईल ही भीती असते. आणि कधी फुकटात हमाली करून घेण्याची सोय असते, हेही बोललं पाहिजे. समोरच्या कारखान्यातल्या शिकाऊ उमेदवारासाठी १९६१ पासून कायदा आहे, त्याला विद्यावेतन मिळतं. रात्री दोनला सेट उतरवून टेम्पोत भरणाऱ्या मुलाच्या वाट्याला बरेचदा वडापाव येतो.

इथल्या तरुणांना मी सांगेन, तुमची सुरुवात शून्यातून नाही. आयटीआयमध्ये वायरमन, वेल्डर, सुतारकाम केलेल्याला सांगता येणारा अर्धा भाग आधीच येतो. उरलेल्यासाठी एखाद्या हौशी संस्थेत जा. पहिला महिना रंगमंचावर खुणांच्या पट्ट्या लावा, संहितेची प्रत घेऊन प्रत्येक क्यू लिहून काढा. आता एलईडी दिवे आलेत, वीज कमी लागते. पण डीएमएक्सच्या एका तारेवर ५१२ चॅनेलचा हिशोब आला. तोही लिहून ठेवा. आणि प्रत्येक गोष्टीला ‘का?’ विचारा. ‘का’ला उत्तर असेल, तर ते मिळेपर्यंत बोर्डाला हात लावू नका. विचारल्याबद्दल कुणी हसलं तर हसू द्या.

आणि माझ्या वयाच्या मंडळींना एक विनंती. पुढच्या प्रयोगाला एखादा पोरगा विंगेत येऊन उभा राहील. त्याला बघू द्याच, पण आधी पाच मिनिटं खाली बसवून मेन स्विच कुठे आहे ते दाखवा.

आता प्रश्न विचारा, ‘का’ने सुरू होणारे आधी.