रॅप कुठला, हे ठेक्यावरून ओळखायचं

बूम बॅप, जी-फंक, बाउन्स, ट्रॅप, ड्रिल... हिप हॉपच्या शैलींची नावं नवख्या माणसाला घाबरवायलाच ठेवली आहेत की काय, असं वाटतं. शब्द ऐकून त्यांतला फरक फारसा कळत नाही. आपली गल्ली, पैसा, पोलीस, वैर हे विषय सगळीकडे भेटतात. म्हणून शब्द थोडा वेळ बाजूला ठेवा आणि ठेका कुठे पडतो, तळातला बेस किती खोल जातो, एवढंच ऐका. शिवाय हे गाणं मुळात कुठे वाजायचं होतं, तेही विचारा.

सुरुवात नाचापासून झाली. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीत, जमैकात जन्मलेल्या डीजे कूल हर्कच्या बहिणीने पार्टी ठेवली होती. हर्कने हेरलं होतं की नाचणारे गाण्यातल्या एका जागेची वाट बघतात. गाणारा थांबतो, बाकीची वाद्यं गप्प होतात आणि नुसता ड्रम वाजतो, ती जागा म्हणजे ब्रेक. तो काही सेकंदांत संपतो. हर्क एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावू लागला. एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागे फिरवून तयार. पुढचं सगळं या युक्तीतून निघालं.

१९८७ साली आलेल्या ‘एसपी-१२००’ या यंत्राने हेच काम बोटांवर आणलं. रेकॉर्डमधला तुकडा उचलायचा (हेच सॅम्पलिंग) आणि बटणांवर वाजवायचा. पण यंत्राची स्मृती जेमतेम दहा सेकंदांची. म्हणून निर्माते ३३च्या गतीची रेकॉर्ड ४५वर पळवून तुकडा आत घेत आणि यंत्रात तो पुन्हा संथ करत. या काटकसरीत आवाज खरखरीत होई, आणि तीच खरखर न्यूयॉर्कची ओळख ठरली. मिनिटाला नव्वदच्या आसपास मात्रा, पुढे येऊन आदळणारे किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम), म्हणजे बूम बॅप. डीजे प्रीमियर किंवा पीट रॉक ऐका. भुयारी रेल्वेत हेडफोन लावून ऐकायला हा आवाज चपखल बसतो.

लॉस एंजेलिसमध्ये रेल्वेपेक्षा मोटार महत्त्वाची. डॉ. ड्रेचा ‘द क्रॉनिक’ हा अल्बम १९९२च्या डिसेंबरात आला. लय सैल, बेस गुबगुबीत, वर सिंथेसायझरची बारीक, घसरत जाणारी शिट्टी, म्हणजे जी-फंक. १९९१मध्ये बिझ मार्की या रॅपरविरुद्धच्या खटल्यात न्यायालयाने विनापरवाना सॅम्पलिंगवर कडक निकाल दिला होता. ड्रे जुन्या फंक गाण्यांच्या चाली बऱ्याचदा वादकांकडून नव्याने वाजवून घेई. तसं केलं की रेकॉर्ड कंपनीची परवानगी लागत नाही, गीत-संगीतकाराची पुरते. जी-फंकच्या तुळतुळीत आवाजामागे असा व्यवहारही आहे.

खरी गंमत अमेरिकेच्या दक्षिणेत आहे. तिथलं मुख्य यंत्र म्हणजे जपानी रोलँड कंपनीचं ‘टीआर-८०८’. १९८० ते १९८३ या काळात त्याचे सुमारे बारा हजार नग बनले. त्यात खऱ्या ड्रमचं ध्वनिमुद्रण नव्हतं, सर्किटमधून आवाज तयार होई आणि तो ड्रमसारखा मुळीच वाटत नसे. उत्पादन थांबलं आणि जुनी यंत्रं स्वस्तात विकली जाऊ लागली. त्याच्या किकची आस लांबवता येते, इतकी की ठोका घुमत राहतो. मायामीच्या पोरांनी द्रुत लयीत हा घुमारा मोटारींच्या डिक्कीतल्या स्पीकरांवर सोडला.

न्यू ऑर्लीन्सचं प्रकरण तर अजब आहे. १९८६ साली न्यूयॉर्कच्याच क्वीन्समधल्या द शोबॉइज या जोडीने ‘ड्रॅग रॅप’ नावाची रेकॉर्ड काढली. घरच्या गावी तिची फारशी दखल घेतली गेली नाही. न्यू ऑर्लीन्सच्या डीजेंनी मात्र तिचे तुकडे इतके वापरले की त्यावर बाउन्स ही शैलीच उभी राहिली. डीजे हाक देतो, गर्दी आपल्या वस्तीचं नाव ओरडते.

ह्यूस्टनच्या डीजे स्क्रूने मायामीच्या द्रुत लयीच्या उलट केलं. गाणं इतकं संथ केलं की आवाज खर्जात उतरला. हर्कसारख्याच दोन प्रती, पण एक मात्राभर मागे, त्यामुळे शब्द अडखळून पुन्हा येतो. कोडीन असलेल्या खोकल्याच्या सिरपच्या नशेशी या शैलीचं नाव जोडलं जातं. २००० साली, एकोणतिसाव्या वर्षी स्क्रू गेला, त्याला कोडीनच कारण ठरलं.

अटलांटाच्या ट्रॅपमध्ये ८०८ची किक सुरात लावतात, म्हणजे ड्रम हाच बेस होतो. लय संगणकावर १४०, पण टाळी तिसऱ्या मात्रेवर पडते, त्यामुळे मान ७०च्या हिशेबाने डोलते. आपल्याकडच्या भाषेत, पाय ठाय लयीत आणि हाय-हॅट (झांजांची जोडी) दुगुन-चौगुनीत, मधूनच तिगुन. रॅपरने यातली कुठलीही लय धरावी. ही मोकळीकच ट्रॅप जगभर पसरण्याचं मोठं कारण आहे, असं मला वाटतं.

ड्रिल शिकागोचं. २०१२मध्ये चीफ कीफ या रॅपरने ते देशभर नेलं. पण शिकागोचा ठेका ट्रॅपच्या फार जवळचा, वेगळेपण आलं ते लंडनमध्ये. तिथे ८०८ एका सुरावरून दुसऱ्यावर मिंडेसारखी घसरते. हाय-हॅट तीन-तीन-दोन अशा गटांत चालते. स्नेअर पहिल्या चक्रात तिसऱ्या मात्रेवर, तर पुढच्या चक्रात चौथीवर पडते, म्हणून सतत काहीतरी निसटल्यासारखं वाटतं. २०१९मध्ये ब्रुकलिनच्या पॉप स्मोक या रॅपरने लंडनच्या ८०८मेलो या निर्मात्याचे बीट घेतले आणि शैली समुद्र ओलांडून अमेरिकेत परतली.

मुंबईत २०१५च्या ‘मेरे गली में’ या गाण्याने डिव्हाइन आणि नेझी या रॅपरांना घराघरांत नेलं. मराठीतही स्वदेशी या गटाच्या एमसी मवालीसारखे रॅपर आहेत. भाषा आणि राग अस्सल इथला. ठेका मात्र अजून बऱ्याचदा अटलांटा किंवा लंडनचा असतो. ढोल-ताशा आणि हलगीच्या मुलखात याहून अधिकची अपेक्षा आहे.

खात्री करायची तर पीट रॉक, डॉ. ड्रे, डीजे स्क्रू आणि पॉप स्मोक यांचं एकेक गाणं लागोपाठ लावा. मोबाइलच्या स्पीकरवर नको, त्यातून ८०८चा तळ ऐकूच येत नाही.