हप्ता आपला, तर गाडीची पारखही आपलीच

आम्ही नशिराबादच्या बचत गटाच्या ताया. जुनी मालवाहू गाडी घेण्याआधी काय पाहायचं, ते आज आपण बोलू.

आपलं गाव राष्ट्रीय महामार्ग ५३ वर आहे. एका हाताला जळगाव, दुसऱ्या हाताला भुसावळ. बिबडे, पापड, भाजीपाला घेऊन बाजारात जायचं तर भाड्यातच नफा जातो. मग गटात विषय निघतो, जुना छोटा हत्ती घेऊन टाकू. विचार चांगलाच आहे. पण कर्जावर सह्या आपल्या, आणि गाडी पाहायला जातात घरची माणसं. नवा रंग दिसला की सौदा पक्का. पुढे गाडी बंद पडते, हप्ता मात्र बंद पडत नाही. म्हणून आमचं सांगणं एवढंच, की गटातल्या दोघी-तिघींनी स्वतः जायचं आणि सोबत आपल्या ओळखीचा मिस्त्री न्यायचा. विकणाऱ्याचा मिस्त्री चालणार नाही.

पहिलं काम घरबसल्या होतं. गाडीचा नंबर घ्या आणि एम-परिवहन ॲपवर टाका. नोंदणी कधीची, पासिंग कधीपर्यंत, विमा चालू आहे का, कर्जाचा बोजा आहे का, हे तिथे दिसतं. मालवाहू गाडीचं पासिंग ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. पासिंग संपत आलं असेल तर तो खर्च किमतीतून कमी करून घ्या. गाडी सुरत किंवा बऱ्हाणपूरकडची असेल, तर तिथल्या आरटीओची एनओसी असल्याशिवाय पुढे बोलूच नका.

गाडी पाहायला सकाळी जा, आणि इंजिन सुरू करून ठेवू नका असं आधीच सांगा. तापलेलं इंजिन आपला दोष लपवतं. छोट्या हत्तीचं इंजिन सीटखाली असतं. सीट उचलायला लावा, हात लावून ते गार आहे याची खात्री करा, मगच सेल्फ मारायला सांगा. आता धूर पाहा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा दाट धूर असेल तर एअर फिल्टर, पंप किंवा नोझलचं काम निघू शकतं. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबला नाही, तर पाणी आत उतरत असल्याची शंका घ्या. ऑइलची पट्टी काढून पाहा. ऑइल दुधाळ दिसलं तर ती गाडी सोडा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा रेडिएटरचं दुखणं अंगावर घेऊ नका. त्याचं झाकण मात्र गाडी गार असतानाच उघडायचं, नाहीतर हात भाजेल.

मग खाली वाकून चेसी पाहा. तडा आहे का, वेल्डिंगचे जोड आहेत का, पाटे तुटलेत का? चेसी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहा. नंबर खरवडलेला वाटला तर तिथूनच परत फिरा. टायरच्या बाजूवर डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. काळं पॉलिश लावलं तरी वय लपत नाही.

रिकामी गाडी कुणाचीही पळते. थोडं वजन टाकून दहा-पंधरा किलोमीटर चालवून पाहा, एखाद्या चढावरही न्या. इंजिन ओरडतंय पण गाडी ओढत नाही, तर क्लचप्लेट झिजलीय. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, तेही पाहा.

सगळं पटलं तरी सगळे पैसे लगेच देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या घ्या. बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी घ्या. राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर घेणाऱ्यानं ३० दिवसांत नाव बदलासाठी अर्ज करायचा असतो. विमाही सोबतच नव्या नावावर करून घ्या.

आता नाव कुणाचं लावायचं, हे गटानं नीट ठरवावं. ज्याचं नाव आरसीवर तोच मालक, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये दिला आहे. म्हणजे गाडी दहा जणींची असली तरी नाव असलेली ताई एकटी अडकू शकते. तिच्यासाठी विमा एक दिवसही खंडित होऊ देऊ नका. गाडी गटाची आहे, हप्ता, विमा आणि दुरुस्ती सगळ्यांची आहे, असा ठराव बैठकीच्या वहीत लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या.

विकणारा म्हणेल, ‘ताई, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे, आजच इसार द्या.’ त्याला खुशाल म्हणा, ‘देऊन टाका दादा त्यांनाच.’ गाड्या बाजारात पुष्कळ आहेत. आपली बचत मात्र वीस-वीस, पन्नास-पन्नास रुपयांनी जमलेली आहे.