म्हण आणि प्रमाण : नित्याच्या वादातील हेत्वाभास

अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त हेत्वाभास पाच सांगितले आहेत : सव्यभिचार, विरुद्ध, सत्प्रतिपक्ष, असिद्ध आणि बाधित. ही नावे आता परीक्षेपुरती उरली असली, तरी ते दोष चावडीपासून प्राध्यापक-कक्षापर्यंत नित्य आढळतात. मराठीत त्यांना म्हणी पकडतात. आणि पुष्कळदा आश्रयही म्हणीच देतात.

'कावळा बसायला आणि फांदी मोडायला' ही म्हण काकतालीय न्यायाचीच मराठी बहीण होय. एका घटनेमागून दुसरी घडली, एवढ्यावरून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप होऊन हजारो माणसे दगावली, तेव्हा निम्न तेरणा प्रकल्पाच्या जलाशयाकडे बोट दाखविले गेले. 'धरण झाले, मग भूकंप झाला' हा हेतू सव्यभिचार आहे. कारण धरणे असून भूकंप नाही, अशी स्थळे कितीतरी. परंतु हीच म्हण फेकून प्रश्न विचारणाऱ्या गावकऱ्याला गप्प करणे, हाही दोषच. क्रम पुरेसा पुरावा नाही, इतकेच म्हण सांगते. कार्यकारणसंबंध नाहीच, असे ती सांगत नाही. कोयनेच्या जलाशयाचा तेथील भूकंपांशी संबंध मानला जातो, तो जलपातळी आणि धक्के वर्षानुवर्षे ताडून पाहिल्यामुळे. किल्लारीबाबत अभ्यासकांत तसे एकमत नाही.

उलट बाजूचा तर्क अधिक घातक होता. किल्लारीला १९९२ मध्येच धक्के जाणवले होते. 'दख्खनचे पठार स्थिर, म्हणून येथे मोठा भूकंप नाही' या प्रचलित समजुतीतही तोच सव्यभिचार होता. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने ती व्याप्ती आधीच मोडली होती.

'शितावरून भाताची परीक्षा' या म्हणीचे बळ एका गृहीतात आहे : भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. 'लातूर पॅटर्न'ची चर्चा करताना हे गृहीत विसरले जाते. गुणवत्ता यादीतील चार नावांवरून अध्यापनपद्धतीचे श्रेष्ठत्व सिद्ध केले जाते. नैयायिक येथे उपाधी शोधतील. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे नाही. त्यासाठी सरपण ओले लागते. येथील ओले सरपण म्हणजे प्रवेशापूर्वीचीच गुणवत्ता आणि खोलीभाडे व शिकवणीचे शुल्क भरू शकणारे घर. पद्धतीचे श्रेय ठरवायचे, तर दहावीला सारखेच गुण असलेली, पण गावाच्याच महाविद्यालयात राहिलेली मुले शेजारी ठेवून पाहावी लागतील, आणि नांदेड-लातूरहून अर्ध्यावर परतलेलीही मोजावी लागतील. त्यांची छायाचित्रे शिकवणीवर्गांच्या फलकांवर नसतात.