वाकड्या करंगळीचा न्यायमूर्ती

न्यायमूर्ती अ‍ॅलन पेज यांची एक करंगळी सरळ नाही. मधल्या पेरापाशी ती जवळजवळ काटकोनात बाहेर वळते. मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात बावीस वर्षे ते वकिलांचे युक्तिवाद ऐकत बसत, तेव्हा काळ्या झग्याच्या बाहीतून ती तशीच डोकावत असणार. लहान मुलांना तिचे भारी कुतूहल. अखेर २०१३ साली पेज यांनी मुलीच्या साथीने या करंगळीवरच मुलांसाठी एक गोष्टीचे पुस्तक लिहिले. बोट वाकडे झाले ते फुटबॉलच्या मैदानावर. पंधरा वर्षे ते धंदेवाईक फुटबॉल खेळले, आणि तेही बचाव फळीत, जिथे बोटे शाबूत राहणे हाच अपवाद.

मुलीकडे मिनिआपोलिसला मी तीन हिवाळे काढले, त्यामुळे हा अमेरिकन फुटबॉल माझ्या वाट्याला आला. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत जावई व नातू टीव्हीपुढे. पहिल्या रविवारी मला ती नुसती झोंबाझोंबी वाटली. पण आपल्याला कबड्डी कळत असेल तर हाही खेळ तासाभरात कळतो. अकरा विरुद्ध अकरा. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. डाव चालवतो तो क्वार्टरबॅक आणि त्याच्या रक्षणाला पुढे धिप्पाड गड्यांची भिंत. त्या भिंतीच्या समोर, हाताच्या अंतरावर, बचावाचे चौघे जमिनीला हात टेकून वाकलेले. त्यातल्या मधल्या दोघांना टॅकल म्हणतात. चेंडू हलला की भिंत फोडून आत घुसायचे आणि क्वार्टरबॅकला लोळवायचे. एवढे करून फळ्यावर गुण मात्र सहसा एकही चढत नाही. कबड्डीत चांगल्या पकडीला निदान गुण तरी मिळतो!

पेज हा असा टॅकल. (खेळाडू असेपर्यंत मी त्याला अरे-तुरे करते, वाचकांनी रागावू नये. आपण गावसकरलाही ‘तो’च म्हणतो.)

त्याचा जन्म १९४५ चा, ओहायोतल्या कॅन्टन या पोलादाच्या कारखान्यांच्या गावात. कृष्णवर्णीय कुटुंब. आई तो किशोरवयात असतानाच गेली. शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांपुढे भट्टीवरची नोकरी तयारच असे. तो आठ वर्षांचा होता त्या १९५४ च्या मे महिन्यात, गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. कायद्याने एवढे काही बदलू शकते, ही गोष्ट त्या पोराच्या मनात रुतून बसली. त्यात टीव्हीवरच्या पेरी मेसन या वकिलाची भर. थोडक्यात, वकील व्हायचे हे फुटबॉलच्या आधीच ठरलेले होते.

फुटबॉलने त्याला नोत्र दाम विद्यापीठात नेले आणि १९६७ साली मिनेसोटा व्हायकिंग्ज या संघाने पहिल्याच फेरीत निवडले. संघाचा पोशाख जांभळा. पेज, कार्ल एलर, जिम मार्शल आणि गॅरी लार्सन या चौघांच्या फळीला लोक ‘पर्पल पीपल ईटर्स’ म्हणू लागले, म्हणजे माणसे खाणारे जांभळे राक्षस. त्या चौघांत पेज आडदांड नव्हता. टॅकलच्या मानाने तो हलकाच. त्याचे सारे बळ पहिल्या पावलात होते. समोरचा गडी सरळ उभा राहायच्या आत हा त्याच्या बगलेतून पलीकडे. शक्तीच्या जागी त्याने वेग आणला आणि पुढे या जागेवर कसे खेळायचे, याची व्याख्याच बदलली.

१९७१ साली लीगमधला सर्वांत मौल्यवान खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. हा मान तोवर नेहमी आक्रमण करणाऱ्यांना मिळत आलेला. तो मिळवणारा पेज हा पहिला बचावपटू, आणि १९८६ साली लॉरेन्स टेलरला मिळाला तो दुसरा. तिसरा अजून झालेला नाही. नियमित हंगामातले सलग २१८ सामने तो एकदाही न चुकता खेळला. प्रतिस्पर्ध्यांच्या हातून निसटलेले २३ चेंडू त्याने पकडले, २८ किक अडवल्या. पदरी पडले नाही ते सुपर बोलचे विजेतेपद. १९७०, १९७४, १९७५ आणि १९७७ या चारही वेळा त्याचा संघ अंतिम सामन्यात हरला. मिनिआपोलिसची म्हातारी माणसे आजही हे सांगताना घरातल्या जुन्या आजारपणाबद्दल बोलावे तशी बोलतात.

पण माझ्या मनात राहिली ती संघाच्या बैठकीतली हकिगत. पेज यांनी ती पुढे जाहीर भाषणात सांगितली. प्रशिक्षकांनी आपल्या गटातल्या खेळाडूंना डावांची वही एकामागून एक मोठ्याने वाचायला लावली. काहींनी सहज वाचली. काही अडखळले. आणि काहींना वाचताच येईना. ही माणसे शाळा आणि कॉलेज करून आलेली होती! खेळत होती म्हणून प्रत्येक इयत्तेतल्या शिक्षकांनी त्यांना पुढे ढकलले होते. आयाबाया पोराच्या यशावर खूश, गाव खूश, विद्यापीठ खूश. गुडघा मोडून घरी बसल्यावर हा गडी नोकरीचा अर्ज कसा वाचणार, हे कोणी विचारले नाही. मला हे वाचून संताप आला, आणि तो केवळ अमेरिकेवर नव्हता.

पेजने आधी एका लॉ कॉलेजात नाव घातले होते, पण तीन आठवड्यांत सोडले. १९७५ साली मिनेसोटा विद्यापीठात पुन्हा सुरुवात केली आणि फुटबॉल चालू ठेवून १९७८ साली पदवी घेतली. आठवडाभर कायदा, रविवारी मारामारी. याच काळात पत्नी डायान सिगारेट सोडण्यासाठी धावू लागल्या. त्यांना सोबत म्हणून हाही निघाला, आणि धावणे त्याला असे लागले की दोघांत तोच अधिक वेडा झाला. पुढे, लीगमध्ये खेळत असतानाच मॅरेथॉन पूर्ण करणारा तो पहिला खेळाडू ठरला.

धावण्याने वजन उतरले आणि तिथेच ठिणगी पडली. प्रशिक्षक बड ग्रँट यांच्या मते एवढा हलका टॅकल उपयोगाचा नव्हता. १९७८ च्या ऐन हंगामात व्हायकिंग्जनी आपल्या सर्वोत्तम बचावपटूला मोकळे केले. शिकागो बेअर्सनी त्याला उचलले, शुल्क शंभर डॉलर! ग्रँट मोठे प्रशिक्षक होते, त्यांचा हिशेब ते जाणोत. पण ज्याने अकरा वर्षे एक सामना चुकवला नाही, त्याची ही किंमत पाहून मालक आणि खेळाडू यांच्यातले नाते मला तरी नीट समजले. पेजला ते आधीच समजलेले असावे. तो खेळाडूंच्या संघटनेत संघाचा प्रतिनिधी होता. शिकागोत तो १९८१ पर्यंत खेळला आणि मग वकिली पूर्णवेळ सुरू झाली.

१९८८ साली कॅन्टनच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्याचा समावेश झाला. या इमारतीच्या बांधकामावर तो पोरवयात मजुरी करून गेला होता. तिथे आपली ओळख करून द्यायला खेळाडू सहसा जुन्या प्रशिक्षकांना बोलावतात. पेजने बोलावले मिनिआपोलिसमधल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका विलारीन बीझली यांना, आणि भाषण केले ते शिक्षणावर. त्याच वर्षी त्याने व डायान यांनी एक शिष्यवृत्ती निधी उभा केला. मिनेसोटातल्या कृष्णवर्णीय व इतर अल्पसंख्य विद्यार्थ्यांना त्यातून उच्च शिक्षणासाठी पैसे मिळतात. अट एकच, घेणाऱ्याने लहान शाळकरी मुलांना शिकवायला आपला वेळ द्यायचा. ही अट मला फार शहाणपणाची वाटते. पैसे देणारे पुष्कळ असतात.

आता अहो-जाहो. मिनेसोटात न्यायमूर्ती निवडणुकीने निवडतात, हे आपल्याला विचित्र वाटेल. १९९२ साली तेथील गव्हर्नरांनी एका न्यायमूर्तींची मुदत वाढवली आणि पेज ज्या जागेवर उभे राहणार होते तिची निवडणूकच टळण्याची वेळ आली. पेज यांनी गव्हर्नरांवर दावा लावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्याच खुर्चीचे, म्हणून ते ऐकायला निराळे न्यायपीठ बसवले गेले. निकाल पेज यांच्या बाजूने लागला, निवडणूक झाली, ते जिंकले. त्या न्यायालयातले ते पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. नंतर तीनदा निवडून आले आणि सत्तरी गाठल्यावर नियमाप्रमाणे २०१५ साली निवृत्त झाले. २०१८ च्या नोव्हेंबरात त्यांना राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मिळाले. त्याच्या काही आठवडे आधीच डायान गेल्या होत्या.

मिनिआपोलिसच्या दक्षिण भागात एका माध्यमिक शाळेला १९व्या शतकातले गव्हर्नर अलेक्झांडर रॅमझी यांचे नाव होते. हे तेच रॅमझी, ज्यांनी १८६२ साली डाकोटा आदिवासींना एक तर नष्ट करा नाही तर राज्याबाहेर हाकला, असे जाहीर म्हटले होते. नाव बदलण्याची मागणी विद्यार्थ्यांनीच लावून धरली आणि २०१७ पासून ती ‘जस्टिस पेज मिडल स्कूल’ झाली. नावासाठी मुलांनी कोणा क्वार्टरबॅकला शोधले नाही.

निवृत्तीनंतरही त्यांचा शाळांचा ध्यास सुटलेला नाही. न्यायालयात आल्या-आल्या, १९९३ साली, शाळांना मिळणाऱ्या असमान निधीच्या खटल्यात त्यांनी बहुमताविरुद्ध मत दिले होते. २०२० साली काश्मिरी वंशाचे नील कश्करी, जे मिनिआपोलिसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे प्रमुख, त्यांच्यासह पेज यांनी राज्यघटनेत दुरुस्ती सुचवली. दर्जेदार सार्वजनिक शिक्षण हा प्रत्येक मुलाचा मूलभूत हक्क ठरावा आणि तो न मिळाल्यास पालकांना न्यायालयात जाता यावे, हा तिचा गाभा. शिक्षकांच्या संघटनेने विरोध केला. सरकारी पैसा खासगी शाळांकडे वळेल, अशी त्यांना भीती वाटते, आणि ती अगदीच पोकळ आहे असे मला म्हणवत नाही. मतदारांपुढे ही दुरुस्ती अद्याप गेलेली नाही. पेज यांनी मात्र ऐंशीच्या उंबरठ्यापर्यंत सभांतून तिच्यासाठी बोलणे सोडले नाही, गळ्यात ओळखीचा बो टाय आणि हातवारे करताना ती करंगळी.